कॅसेटचे कान

शैलाच्या कॅसेटींना कान होते. हसू नका, खरंच होते. कॅसेटच्या पाठीला दोन टोकांना नखाएवढे दोन प्लास्टिकचे तुकडे असतात, त्यांना ती कान म्हणायची. कान शाबूत असले की टेपरेकॉर्डरचं रेकॉर्डचं बटण खाली जातं, नवीन काहीही भरता येतं आणि आधीचं पुसलं जातं. कान मोडून टाकले की ते बटण काही केल्या दाबलं जात नाही, मग आतलं आत सुखरूप राहतं. डोळस माणसाला याची मातब्बरी नसते, तो वरची चिठ्ठी वाचतो. शैलाची नजर लहानपणीच देवीत गेलेली. चिठ्ठ्या चिकटवायचा प्रयत्न तिने करून पाहिला होता, पण एक चिठ्ठी सुटून मशीनच्या पोटात अडकली आणि तिने तो नादच सोडला. धडा भरून झाला की केसातली पिन काढायची, दोन्ही कान मोडायचे आणि कॅसेट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. बोट फिरवलं की कळायचं. कान आहेत ती कोरी, कान नाहीत तो अभ्यास. इतकी सोपी गोष्ट. ती तिने घरात कोणाला सांगितली नव्हती, कारण कोणी कधी विचारलीच नव्हती.

घर म्हणजे नायगावच्या बीडीडी चाळीतली एक खोली. आई कांता, बाप सीताराम आणि शैला. टेपरेकॉर्डर घरचा नव्हे, अंधांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने बी.ए. होईपर्यंत वापरायला दिलेला. पण चाळीत त्याचा रुबाब असा की जणू घरात जावई येऊन राहिलाय. शैलाची तीच वही आणि तीच डायरी. लोकांचे टेलिफोन नंबर, कुठल्या नंबरच्या बसने गेलं की कॉलेजच्या दारात उतरता येतं ते, गावाहून आलेलं पत्र कोणाकडून तरी वाचून घेतलेलं, आईने सांगितलेलं वाणसामान, सगळं ती एका वेगळ्या कॅसेटवर बोलून ठेवायची. शेजारपाजारही येऊन बोलून जायचा. खालच्या मजल्यावरच्या भिवाच्या बायकोने एकदा गावच्या सासूला चार शब्द चांगलेच सुनावले आणि कॅसेट गावी पाठवून दिली. गावात ती वाजवायला मशीनच नव्हतं, म्हणून तिचा संसार टिकला.

आता गिरण्यांच्या संपाचं सांगायला हवं. संपाला वर्ष उलटून गेलं होतं. उद्या मिटतो, परवा मिटतो म्हणता म्हणता एक दिवाळी गेली, आंबेडकर जयंती पुन्हा जवळ आली, आणि भोंगा काही वाजला नाही. सीताराम रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होता. त्याचा बापही रिंग खात्यातच होता. विणायच्या लूम खात्यात पगार बरा, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढायला लागायचा, आणि यांच्या तोंडाचा धागा वरच्या जातवाल्यांच्या तोंडाला कसा चालावा? तेव्हा बापाला घेतलं नाही, आणि पोराला मग तिकडे जावंसंच वाटलं नाही. जाऊ दे, तो राग काढायला बसलं तर गोष्ट राहील बाजूला. सांगायचं ते असं की रिंग खात्यातल्या माणसाचं सगळं आयुष्य तुटलेला धागा सांधण्यात जातं. मशीन थांबवायचं नाही, बोटाच्या एका चिमटीत जोडायचा आणि पुढे जायचं. त्या बोटांना वर्षभर काम नव्हतं. मग सीतारामने चाळीतलं जे जे मोडलं होतं ते ते जोडायला घेतलं. छत्र्या झाल्या, स्टोव्ह झाले, खुर्च्या झाल्या. कांता म्हणायची, ‘‘माणसाला जेवायला नसलं तरी चालंल, पण ह्यांना मोडकं पायजे.’’ ती दादरच्या एका प्रसूतिगृहात आयाचं काम करायची. तिघांचं पोट त्यावर होतं.

दुसरी आशा म्हणजे शैला. संस्थेतल्या रघुवीर सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ‘‘एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटरची जागा भरायची आहे. जूनमध्ये पदवी हातात असेल तर तुझं नाव मी पुढे करतो. नसेल तर दुसरी मुलगी आहे, माझा नाइलाज आहे.’’ सरळ माणूस, सरळ बोलला. तेव्हापासून खोलीत त्या नोकरीचं नाव कोणी घेत नव्हतं, पण तिघंही तिच्यावरच जगत होती.

अभ्यास भरून द्यायची ती सुमेधा. हिंदू कॉलनीत राहणारी, एम.ए. करणारी, गोड आणि स्वच्छ आवाजाची. दर शनिवारी ती कॉलेजच्या एका रिकाम्या वर्गात बसून शैलासाठी पुस्तकं वाचायची. सगळा इतिहास तिने वाचून दिला होता, पावसाळ्यापासून थंडीपर्यंत. फेब्रुवारीत तिचं लग्न ठरलं. मुलगा भोपाळचा. जाण्याआधी राज्यशास्त्राचे शेवटचे धडे एका दुपारी वाचून टाकू, असं ठरलं.

इतिहासाचा खरा विद्यार्थी शैला नव्हतीच, सीताराम होता. चौथीतून शाळा सुटलेला माणूस, संध्याकाळी दाराशी बसून लेकीचे धडे ऐकायचा. त्यातला एक त्याचा लाडका. ‘‘बाय, तो महाडचा लाव गो,’’ म्हणायचा. शैला लावायची. सुमेधाच्या शुद्ध आवाजात चवदार तळ्याचा सत्याग्रह यायचा आणि पाच-सहा वाक्यांत संपायचा. सीताराम दर वेळी तेच म्हणायचा. ‘‘एवढंच? माझा बाप होता तितं. वंजळीनं पाणी प्यालेला माणूस. त्याचं काय लिवलंच नाय.’’ शैलाला दर वेळी हसू यायचं, आणि दर वेळी जरा अभिमानही वाटायचा.

सुमेधा यायची त्या शनिवारी सकाळपासून सगळी धांदल. नळाला पाणी उशिरा आलं, कांताची पाळी सकाळची, शैलाच्या साडीची निरी मनासारखी बसेना. तिने डब्यात हात घातला, वरवरच्या तीन कॅसेटींच्या पाठीवर बोट फिरवलं. कान आहेत. कोऱ्या. पिशवीत टाकल्या आणि निघाली. डब्यात कोऱ्या किती उरल्या असतील, हे तिने चाचपलं नाही. घाईत कोण चाचपतं?

ती दुपार फार चांगली गेली. सुमेधा थांबून थांबून, अवघड शब्द दोनदा सांगत वाचत राहिली. तिसऱ्या कॅसेटची दुसरी बाजू अर्धी राहिली असताना पुस्तक संपलं. शैलाने सवयीने पिन काढून कान मोडले. आज ते जरा चिवट वाटले. एक तर कट असा न मोडता टचकन उडून बाकाखाली गेला. नवीन कंपनीचा माल असेल, तिला वाटलं. निघताना सुमेधाने तिचे दोन्ही हात धरले. ‘‘शैला, पास झालीस की पत्र पाठव. नापासाचं पत्र मी फोडणार नाही.’’ शैला हसली. तिला खरोखर वाटत होतं की आता राहिलंय ते फक्त ऐकायचं.

दोन दिवसांनी तिने इतिहास काढायला घेतला. डब्यातल्या मोडक्या कानांच्या कॅसेटी एकेक करून लावल्या. अर्थशास्त्र. राज्यशास्त्र. पुन्हा अर्थशास्त्र. इतिहासाची शेवटची एक कॅसेट मिळाली, तिच्यात स्वातंत्र्य मिळून गेलेलं होतं. त्याआधीचं सगळं कुठे गेलं? कानवाल्या कॅसेटी होत्या त्या लावल्या, त्यांत नुसती खरखर. कोणाला दिल्या असतील का? तिने आठवून आठवून पाहिलं. शेवटी शनिवारच्या तीन लावल्या. पहिलीत राज्यशास्त्र. दुसरीतही तेच. तिसरीची दुसरी बाजू तिने पळवत नेली. सुमेधा म्हणाली, ‘‘संपलं बाई एकदाचं.’’ मग खट्ट आवाज झाला. आणि खट्ट नंतर, त्याच कॅसेटवर, त्याच सुमेधाचा पावसाळ्यातला आवाज मधूनच सुरू झाला. ‘‘...तळ्याचे पाणी प्राशन केले. या घटनेचे पडसाद...’’

 शैला पडसाद संपेपर्यंत ऐकत राहिली. मग तिने डबा मांडीवर घेतला आणि प्रत्येक कॅसेटची पाठ नीट, दोन्ही बोटांनी तपासली. इतिहासाची जी एक वाचली होती तिचा एक कान मोडलेला होता आणि दुसरा शाबूत. नखाने टोकरून पाहिलं. कान नव्हताच तो. बेताने कापलेला प्लास्टिकचा तुकडा भोकात बसवून डिंकाने पक्का केलेला, आणि वरून घासून असा गुळगुळीत केलेला की वरवरच्या बोटाला पत्ताही लागू नये.

‘‘सापडलं काय गो?’’ सीताराम दाराशी बसून कोणाचा तरी इस्त्रीचा दांडा ठोकत होता. त्याच्या आवाजात लहान पोराची खुशी होती. ‘‘म्हटलं तुला सांगू नये, बघू तिला कळतंय काय. एवढ्या चांगल्या कॅसेटी, आणि सगळ्यांचे कोपरे तुटलेले. बोटात शिरंल एखाद दिवस. कांतेची जुनी साबणाची डबी होती, ती कापली. मग काचकागद मारला. तीन पुऱ्या झाल्या, चौथी अर्धी. प्लास्टिक संपलं बघ, नायतर सगळ्या करणार होतो.’’

 शैलाला राग आला. वर्षभराचा इतिहास साबणाच्या डबीने पुसला होता, आणि पुसणारी ती स्वतः होती, तिच्याच हाताने कॅसेटी उचलल्या होत्या. आणि दाराशी बसलेल्या माणसाला एका वर्षात पहिल्यांदा कोणीतरी शाबासकी द्यावी असं काही त्याच्या हातून झालं होतं. ती राग गिळून बसली. तो राग कुठे ठेवायचा हे तिला कळेना.

‘‘छान झालेत दादा,’’ ती म्हणाली.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे त्याची फर्माईश आली. महाडचा लाव गो. शैलाने उत्तर तयार ठेवलं होतं. ‘‘ती कॅसेट गेली दादा. मशीनने खाल्ली. टेप गुंतली आणि तुटली. आणखी दोन तशाच गेल्या.’’

‘‘तुटली?’’ सीताराम उठून उभा राहिल्याचं तिला कळलं. ‘‘मग आण की हिकडं. तुटलेली टेप काय, सुतापेक्षा नाजूक असणाराय? सांधतो.’’

‘‘टाकून दिली.’’

‘‘टाकलीस? मी घरात बसलेला असताना?’’ तो पुन्हा दाराशी बसला. मग म्हणाला, ‘‘मला विचारायचंस तरी.’’ हा दोष शैलाने स्वतःवर घेतला. घेतला म्हणजे काय, दुसऱ्या कोणाला देणार होती?

आता वाचणार कोण? कॉलेजातल्या पोरी स्वतःच्या परीक्षेत बुडालेल्या. चाळीतली शिकलेली पोरं कोणी गावी भात लावायला गेलेली, ती आलीच नाहीत, कोणी दादरच्या मंडईत पाट्या उचलत होती. रघुवीर सरांनी एक बाई पाठवली, तिने एक धडा वाचला आणि तिला कांजिण्या आल्या. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. कॉलेजातून पुस्तक आणलेलं होतं, ते खोलीत पडलेलं होतं, आणि त्यातलं एक अक्षर तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

‘‘मी वाचतो,’’ सीताराम म्हणाला.

त्याने खरंच वाचलं. रोज दुपारी चष्मा लावून, मशीनसमोर मांडी घालून. एकेका जोडाक्षरापाशी थांबायचा, आधी मनात जुळवायचा, मग मोठ्याने म्हणायचा, चुकलं वाटलं की मागे यायचा. साम्राज्यवाद हा शब्द त्याने तीनदा तीन तऱ्हांनी घेतला. सुमेधा शनिवारच्या दोन तासांत जेवढं वाचायची तेवढ्याला त्याला आठवडा लागायचा. मध्येच खोकला, मध्येच खाली कोणीतरी हाक मारायचं त्याला उत्तर, तेही सगळं कॅसेटवर. शैला रात्रंदिवस तेच कानाला लावून बसायची. तारखा पाठ करताना तिला बापाचा खोकलाही पाठ झाला.

महाडपाशी आल्यावर त्याने पुस्तक मिटलं. ‘‘ह्यात काय नाय, मी सांगतो तुला,’’ म्हणाला, आणि कॅसेटची अख्खी बाजू त्याने आपल्या बापाची हकीकत सांगितली. कोणत्या गावाहून कोण कोण निघाले, भाकऱ्या कोणी बांधून दिल्या, पाणी प्यायल्यावर वाटेत कोणाची डोकी फुटली, बाप घरी येऊन चार दिवस कोणाशी बोलला नाही ते सगळं. शैलाने त्याला थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं, परीक्षा तोंडावर होती. पण त्या अर्ध्या तासात तो एकदाही अडखळला नाही, म्हणून तिला थांबवता आलं नाही.

याच दिवसांत कधीतरी तो नाक्यावरच्या गुणाजीकडे गेला. गुणाजी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. सीतारामला टेप सांधायची कशी ते शिकून घ्यायचं होतं, पुन्हा मशीनने खाल्ली तर घरात माणूस असून नसल्यासारखा नको. परत आला तो गप्प. शैलाने विचारलं, ‘‘शिकवलं का गुणाजीकाकांनी?’’ तो ‘‘हं’’ म्हणाला. त्या रात्री तो जेवला नाही. कांता म्हणाली, पित्त झालं असेल. त्यानंतर महाडचा लाव, असं तो पुन्हा कधी म्हणाला नाही. शैलाला सुटल्यासारखं वाटलं. तिला वाटलं, स्वतःच सांगून झालंय ना, मग भूक भागली असेल.

परीक्षेत इतिहासाच्या पेपरला अर्धे प्रश्न असे निघाले की ते सुमेधाबरोबर पुसले गेले होते आणि सीताराम त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. एक प्रश्न महाडचा होता. तिची उत्तरं लिहून घ्यायला बसलेली अकरावीतली मुलगी होती. शैला सांगत गेली. भाकऱ्यांचं आलं तेव्हा मुलीचं पेन थांबलं. ‘‘ताई, हे पुस्तकात आहे?’’ शैला म्हणाली, ‘‘नाही. तू लिही.’’ मुलीने लिहिलं. बाकीची पानं रिकामी होती, त्यावर काय लिहायचं हे दोघींनाही माहीत नव्हतं.

निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत ती पास, इतिहासात नाही. थोडक्यात गेलं, पण थोडक्यात बुडालेला माणूसही बुडतोच. रघुवीर सर चाळीत येऊन गेले, चहा अर्धाच प्यायले. जागेवर दुसरी मुलगी गेली होती. ‘‘ऑक्टोबरला बस,’’ ते म्हणाले. पुढची जागा कधी निघेल हे त्यांनी सांगितलं नाही आणि शैलाने विचारलं नाही. जाताना एवढंच म्हणाले की संस्थेला मशीन पुढच्या वर्षी दुसऱ्या विद्यार्थ्याला द्यावं लागेल, ऑक्टोबरपर्यंत काय ते उरकून घे. सुमेधाला पत्र गेलं नाही.

गिरणीने त्याच महिन्यात कामावर न आलेल्यांची नावं काढून टाकली. गेटवरून सीतारामचा मित्र धावत सांगायला आला. सीतारामने ऐकून घेतलं. हातातली छत्री तशीच उघडी ठेवून तो दाराशी बसून राहिला. त्या दिवसानंतर त्याने चाळीतलं काही जोडायला घेतलं नाही. लोक मोडक्या वस्तू आणून ठेवायचे आणि काही दिवसांनी तशाच घेऊन जायचे.

पाऊस सुरू झाल्यावर कधीतरी शैलाने पुन्हा डबा काढला. ऑक्टोबरला बसायचं तर काहीतरी भरायला घ्यायला हवं. वाचायला कोणी नव्हतं, पण निदान कोऱ्या कॅसेटी वेगळ्या काढून ठेवाव्यात. तिने पहिलीच्या पाठीवर बोट फिरवलं. कान नाही. दुसरी, कान नाही. तिसरी, चौथी. ती सगळा डबा चाचपत गेली. एकाही कॅसेटला कान नव्हता. अभ्यासाच्या आणि कोऱ्या सगळ्या सारख्याच. टेलिफोन नंबरांची आणि वाणसामानाची, जिच्यावर रोज नवं बोलायला लागायचं, तिचेसुद्धा गेलेले. पिनेने मोडलेले नव्हते ते. काहीतरी बोथट घालून, जोर लावून, घाईघाईने उचकटलेले. कडा तशाच धारदार सोडलेल्या. एका कडेने तिचं बोट कापलं.

कापलेलं बोट तोंडात धरून ती बसून राहिली. गुणाजीकडून तो गप्प का आला होता, ते तिला आता कळलं; कान कशाला असतात ते गुणाजीने त्याला सांगितलं असणार. म्हणजे मशीनने खाल्ली नाही, टाकूनही दिली नाही, हे त्याला परीक्षेच्या आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक असून तो रोज दुपारी चष्मा लावून वाचत राहिला होता.

‘‘दादा,’’ ती म्हणाली.

‘‘हं.’’

‘‘कान तुम्ही मोडलेत?’’

 तो म्हणाला, ‘‘सगळे मोडले. एक ठेवला नाय. आता कोणाला पुसता यायचं नाय, बाय. माझ्याच्यानंपन नाय.’’

शैलाने एक कॅसेट मशीनमध्ये घातली आणि रेकॉर्डचं बटण दाबून पाहिलं. ते हटून बसलं; ऑक्टोबरचं भरायला आता एकही कॅसेट उरली नव्हती. तिने प्लेचं दाबलं. खरखर आली, नुसती खरखर, आणि येतच राहिली. बापाला ती ऐकू येत होती, आणि तो ‘‘हा कुठला धडा?’’ असं विचारत नव्हता.

‘‘बरं केलंत,’’ ती म्हणाली, आणि बाजू संपेपर्यंत तिने मशीन बंद केलं नाही.